"बाबा, पॉज करता येत नाही!"

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलायच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांच्या मधली वेळ वक्त्याला फार अवघड असते, याची मला कल्पना आहे. त्यामुळे मागच्या रांगेतल्या काकांनी डोळे मिटले तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

आधीच सांगतो, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही की शिक्षक नाही. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं इथे मिनियापोलिसला कन्सल्टंट म्हणून पोटापाण्याचा उद्योग करतोय. मग आज इथे उभा कशाला? तर संक्रांतीच्या पॉटलकचा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. वर गुळाच्या पोळ्या गरम होत होत्या आणि खाली बेसमेंटमध्ये दहा-बारा पोरं ओरडत होती. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "पानं घेतली आहेत रे, या!" एकही जण हलला नाही. पाच मिनिटांनी दुसरी हाक. खालून उत्तर आलं, "काकू, पॉज करता येत नाही!"

मग वर आपली नेहमीची चर्चा सुरू झाली. काय ही पिढी, आम्ही कसे मैदानात खेळायचो, वगैरे. मी नको तिथे तोंड उघडलं आणि म्हणालो, "खरंच नाही करता येत हो पॉज." सांस्कृतिक समितीच्या ताईंनी तिथेच मला पकडलं. "तू खेळला आहेस ना हे? मग सांग सगळ्यांना, असतं काय एवढं त्यात!"

तर तेच सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात डबा ऐसपैसपासून करू. मी कराडचा. संध्याकाळी सहाला खेळ ऐन रंगात आलेला असायचा आणि नेमकी तेव्हाच आईची खिडकीतून हाक यायची. आपण काय ओरडायचो? "आई, माझ्यावर राज्य आहे!" आता आईच्या दृष्टीने ही शुद्ध थाप. पण आमच्या दृष्टीने नव्हती. राज्य न देता जो घरी पळाला, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे. आमच्या कायद्यात त्याच्याइतकं मोठं पाप नव्हतं. बेसमेंटमधली पोरं जे ओरडत होती ना, त्याचं मराठी भाषांतर एवढंच आहे: माझ्यावर राज्य आहे.

आता या खेळांची थोडी वंशावळ. 1993 साली 'डूम' आला. पडद्यावर समोर बंदूक धरलेले आपलेच हात दिसतात आणि आपल्या डोळ्यांनी दिसेल तसं जग दिसतं, या प्रकाराचा बोलबाला तिथून झाला. सुरुवातीला माणूस विरुद्ध कॉम्प्युटर असंच त्याचं रूप होतं, पण केबल जोडून माणूस विरुद्ध माणूस खेळायची सोय त्यातही होती. आमच्या पिढीच्या वाट्याला आला 'काउंटर-स्ट्राइक'. 2005 ते 2009 या काळात पुण्यातल्या कुठल्याही इंजिनियरिंग हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर गेला असतात तर कॉरिडॉरमधून निळ्या लॅन केबली लोंबताना दिसल्या असत्या. पाच विरुद्ध पाच. हरलेली टीम चहा पाजणार, हा नियम.

पण ज्यांना 'मॅसिव्हली मल्टिप्लेयर' म्हणतात, ते प्रकरण निराळं. तिथे दहा-वीस नव्हे, शेकडो-हजारो माणसं एकाच वेळी एकाच मैदानात असतात. 2001 साली 'वर्ल्ड वॉर टू ऑनलाइन' आला, मे 2003 मध्ये 'प्लॅनेटसाइड' आला, आणि 20 नोव्हेंबर 2012 ला त्याचा दुसरा अवतार, 'प्लॅनेटसाइड 2'. मी पडलो तो या दुसऱ्यात. एक परका ग्रह, त्यावर प्रत्येकी आठ बाय आठ किलोमीटरचे भूखंड, आणि तीन सैन्यं: एक लाल, एक निळं-पिवळं, एक जांभळं. तीनच का? तर एक शिरजोर झालं की बाकीचे दोघे आपोआप त्याच्यावर तुटून पडतात. आपल्याकडच्या युती-आघाड्या बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

जानेवारी 2015 मध्ये या खेळात एकाच लढाईत 1,158 माणसं उतरली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्यात मी नव्हतो, कारण महिन्याभरापूर्वीच माझं लग्न झालं होतं. असो.

हल्ली आपली मुलं खेळतात तो 'फोर्टनाइट' किंवा भारतात ज्याचं वेड पसरलं तो 'पबजी', दोन्ही 2017 चे. त्यात शंभर जण उतरतात आणि शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. भारत सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि 2021 मध्ये तो नव्या नावाने परत आला, हे तुमच्या पुतण्या-भाच्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. वंश एकच. आत खऱ्या माणसांची गर्दी, आणि खेळ कुणा एकासाठी थांबत नाही.

आता माझ्याविषयी. जानेवारी 2013 मध्ये मी इथे आलो. एक बॅग, एक प्रेशर कुकर, आणि आईने दिलेला मेतकुटाचा डबा. क्लायंटच्या ऑफिसात माझ्या क्युबिकलच्या आसपास सगळे तिथले जुने लोक. चांगले होते, पण पाच वाजता गाड्या काढून आपापल्या घरी. शुक्रवारी संध्याकाळी "हॅव अ गुड वीकेंड" ऐकलं, की सोमवारी सकाळी "हाउ वॉज युवर वीकेंड" ऐकेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. गाडी नव्हती, बाहेर बर्फ. तुम्ही सगळे यातून गेला आहात, जास्त सांगत नाही. आपल्या मंडळाचा पत्ता मला लागायला अजून दीड वर्ष होतं.

अशाच एका शनिवारी, फुकट आहे म्हणून, 'प्लॅनेटसाइड 2' उतरवून घेतला. पहिले दोन तास मी नुसता मरत होतो. उठलो की मेलो. कुणी मारलं, कुठून मारलं, काही पत्ता नाही. बंद करणार, इतक्यात कानात आवाज आला. कुणीतरी मला आपल्या तुकडीत ओढलं होतं. बारा जणांची एक तुकडी असते, आणि अशा चार तुकड्या मिळून अठ्ठेचाळीस जणांची पलटण. आमचा म्होरक्या टेक्ससमधला ट्रक ड्रायव्हर होता. त्याने विचारलं, "तुला नेम जमत नाही, बरोबर? मग सन्डी चालव."

'सन्डी' म्हणजे सन्डरर. एक अवाढव्य चिलखती गाडी, बारा माणसं बसतील अशी. पण तिचं खरं काम वाहतूक नाही. ती शत्रूच्या तळाजवळ नेऊन योग्य जागी उभी करायची. एकदा लावली, की आपल्या बाजूचा जो कुणी मरेल तो त्या गाडीपाशी पुन्हा जिवंत होतो. गाडी उभी आहे तोवर हल्ला चालू. वरून उडत येऊन कुणी तिच्यावर स्फोटकं टाकली, की खेळ खलास. चाळीस माणसं मैलभर मागे फेकली जातात.

म्हणजे बघा, जगातल्या सर्वात मोठ्या गोळीबाराच्या खेळात माझं काम काय, तर गाडी झाडाआड लावायची, तिच्याशेजारी पान्हा घेऊन बसायचं, दुरुस्ती करायची आणि आकाशाकडे बघत राहायचं. एकेका संध्याकाळी मी एकही माणूस मारलेला नसायचा. पण बाहेरून म्होरक्याचा आवाज यायचा, "सन्डी आहे का अजून?" आणि मी म्हणायचो, "आहे, आहे. सन्डी आहे."

मंडळी, ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर मी तेव्हा तोंड उघडायला घाबरायचो. आपला उच्चार त्यांना कळेल का, दोनदा "सॉरी?" म्हणतील का, हीच धाकधूक. इथे मात्र अठ्ठेचाळीस माणसं माझ्या तोंडातून "आहे" येण्याची वाट बघत होती. उच्चाराची पर्वा कुणाला? इंग्रजीतली माझी भीड ऑफिसात नाही, त्या झाडाआड मोडली.

म्हणून मला कुणी विचारलं की या खेळाचं आकर्षण काय, तर मी बंदूक म्हणत नाही. बंदूक हे निमित्त. खरं आकर्षण हे, की तिथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं.

रिचर्ड बार्टल नावाचे एक गृहस्थ आहेत. 1978 साली इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात अनेकांनी मिळून खेळायचा अगदी सुरुवातीचा कॉम्प्युटर-खेळ तयार झाला, त्याच्या दोन कर्त्यांपैकी हे एक. त्यांनी 1996 मध्ये एक लेख लिहिला आणि खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. त्यांना नावं दिली पत्त्यांची. चौकट म्हणजे पदकं, पॉइंट, बढती गोळा करणारे. इस्पिक म्हणजे कुदळ घेऊन जग खणणारे, नवनव्या जागा शोधणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किल्वर म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात सोटा हाणण्यात आनंद मानणारे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की या गोळीबारात सगळे किल्वरच असणार. आत गेलात तर बदाम भरपूर सापडतील. आमच्या तुकडीत एक कॅनडातली नर्स होती. रात्रपाळी करून यायची आणि खेळातही वैद्यच व्हायची, पडलेल्यांना उठवत फिरायची. मी म्हटलं, "दिवसभर तेच करून कंटाळत नाहीस?" ती म्हणाली, "इथे सगळे उठतात."

इंजिनियर आहे म्हणून दोन मिनिटं तंत्राविषयी बोलू द्या, कारण त्यातही मला मोठी मौज वाटते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मिनियापोलिस ते पुणे सुमारे 13,000 किलोमीटर. जाऊन-येऊन 26,000. म्हणजे तार नाकासमोर सरळ टाकली तरी निरोप जाऊन परत यायला 130 मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात त्याच्या दीड-दोनपट लागतात. मग इतक्या अंतरावरची माणसं एकमेकांवर नेम कसा धरतात? तर थोडी फसवणूक करून. तुम्ही पुढे जायचं बटण दाबलंत की तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरच्या परवानगीसाठी थांबत नाही, अंदाजाने तुम्हाला पुढे नेतो आणि चुकलं तर मागाहून सुधारतो. जॉन कार्मॅक यांनी 1996 मध्ये 'क्वेकवर्ल्ड'मध्ये ही युक्ती आणली. आणि गोळी झाडलीत, की काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात सर्व्हर घड्याळ क्षणभर मागे नेऊन बघतो, की तुम्ही चाप ओढलात तेव्हा तुम्हाला समोरचा कुठे दिसत होता. हजार माणसांच्या प्लॅनेटसाइडमध्ये हा निवाडा मारणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर सोपवलेला असतो. म्हणून तिथे कधी कधी तुम्ही भिंतीआड पोचलेले असता, सुटकेचा श्वास टाकता, आणि मग मरता. तुमच्या पडद्यावर तुम्ही वाचलात, त्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर होतात. दोघेही खरे.

आता जे सांगायला मी खरं तर आलो, ते.

माझे बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड डेपो. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून, वर्षानुवर्षं. एस.टी.वाल्यांच्या घरात दिवाळी म्हणजे काय, ते सांगतो. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, त्यामुळे रजा बंद. सगळा गाव घरी यावा म्हणून आमचे बाबा घराबाहेर. नरकचतुर्दशीला आई मला एकट्यालाच उटणं लावायची आणि बाबांच्या वाटणीचा फराळ डब्यात जायचा. पण बाबांची त्याबद्दल कधी तक्रार नसायची. "गाडी माझ्या नावावर लागली आहे," एवढंच म्हणायचे.

मी इथे आल्यावर ते दर रविवारी रात्री साडेनऊला फोन करायचे. इथे हिवाळ्यात तेव्हा सकाळचे दहा. सुरुवातीला मी फोनची वाट बघत बसायचो. मग आमच्या तुकडीची रविवार सकाळची मोहीम ठरली. ती दीड-दोन तास चालायची, आणि बरोबर त्याच वेळात फोन वाजायचा. पहिल्यांदा मी म्हणालो, "बाबा, जरा कामात आहे, मग करतो." तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "रविवारी कसलं रे काम?" थाप मारवली नाही. म्हटलं, "खेळतोय. गाडी आहे माझ्याकडे."

"गाडी? कसली?"

मी सांगितलं. त्यांना भलताच रस वाटला. "किती माणसं बसतात?"

"बारा."

"बारा? ही काय गाडी झाली? हे तर वडाप!" पश्चिम महाराष्ट्रातली मंडळी हसली म्हणजे कळलं. बाकीच्यांसाठी सांगतो: कोंबून माणसं भरणाऱ्या खाजगी जिपा म्हणजे वडाप. एस.टी. ड्रायव्हरच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही.

मी म्हटलं, "बाबा, ती नेऊन उभी करायची असते. मग रात्रभर तिथेच."

"म्हणजे मुक्कामी गाडी," बाबा म्हणाले. "मग ठेव फोन. गाडी सोडून बोलायचं नसतं."

त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बापाला आपला खेळ समजला, असं किती जणांना म्हणता येईल? मी मोहिमेकडे वळलो. पुढच्या रविवारी फोन आला, मी "बाबा, गाडीवर आहे" म्हणालो, ते "बरं बरं" म्हणून ठेवून मोकळे. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. जानेवारी 2014 ची ती थंडी आठवत असेल, राज्यपालांनी अख्ख्या मिनेसोटातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. त्या महिन्यात मी घराबाहेर जवळजवळ पडलोच नाही. ऑफिस घरून, आणि उरलेला सगळा वेळ झाडाआड गाडीशेजारी. रविवारचा फोन कधी यायचा थांबला, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लग्नानंतर खेळ सुटला. कुणी सोडवला नाही, गरज उरली नाही म्हणून सुटला. मी फोन करायचो, जमेल तेव्हा, आणि बाबा छान बोलायचे. पण त्यांनी स्वतःहून पुन्हा कधी फोन केला नाही.

2018 मध्ये बाबा गेले. दिवस झाल्यावर आईजवळ बसलो होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "रविवारी जेवण झालं की फोन मांडीवर घेऊन बसायचे. मी म्हणायची, लावा की. तर म्हणायचे, नको, त्याची गाडी लागलेली असेल."

मी खेळ सोडून तोवर तीन वर्षं झाली होती. ते मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

सर्व्हर घड्याळ मागे नेऊन बघू शकतो, असं मी मघाशी म्हणालो. आपल्याला ती सोय नाही.

यात मी खेळाला दोष देत नाही. त्या दोन हिवाळ्यांत त्या खेळाने मला माणसं दिली, हे मी नाकारणार नाही. पण 'माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं' ही भावना इतकी गोड असते, की ज्यांचं खरंच अडतंय त्यांचा आवाज तिच्यात ऐकू येत नाही. ते बिचारे मेसेज करून बोलावत नाहीत, पॉइंट देत नाहीत. फोन मांडीवर घेऊन बसतात.

कंपन्यांना ही भावना नीट ठाऊक आहे. खेळ फुकट असतो, पण पोशाख, नाच, मोसमी पास यांना पैसे पडतात, आणि आज आला नाहीस तर उद्या हे मिळणार नाही अशी रचना असते. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइटच्या कंपनीशी एकूण 52 कोटी डॉलर्सची तडजोड जाहीर केली. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल साडेसत्तावीस कोटींचा दंड, आणि नकळत खरेदी करायला लावणाऱ्या बटणांपायी साडेचोवीस कोटींचा परतावा. मुलांसाठी व्हॉइस चॅट मुळात बंद ठेवायचं, हीही अट त्यात होती. ते तुमच्या घरी चालू आहे की बंद, एवढं आज घरी जाऊन जरूर बघा.

मेळाव्याआधी एका काकूंनी विचारलं, "पण बंदुकीचं काय?" ज्या देशात आपली मुलं शाळेत लॉकडाउन ड्रिल करतात, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा हिंसक खेळांच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा रद्द केला. खेळांमुळे मुलं आक्रमक वागतात हे समोर आलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असं त्यात म्हटलं होतं. तरी कोर्टाने हो म्हटलं म्हणजे आईबापाने डोळे मिटावेत, असा अर्थ नाही. फोर्टनाइटवर 'टीन' असा शिक्का आहे, म्हणजे तेरा वर्षांच्या पुढे. आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे. आमच्या घरी हा नियम मोडला गेला आहे, हे मी इथे सर्वांसमोर कबूल करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी 2022 पासून 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण तिथे तास मोजलेले नाहीत, हे लक्षात घ्या. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या वर खेळ जातो, नुकसान दिसूनही थांबवत नाही, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चाललेलं असतं, अशी ती व्याख्या आहे. तसं वाटलं तर डॉक्टरांकडे जावं, लाजू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा असतो: पान वाढलंय आणि पोरगं येत नाही.

आमच्या घरीही तेच झालं. मार्चमधली गोष्ट. तीन हाका मारून झाल्या. "बाबा, पॉज करता येत नाही!" मी, इतकं सगळं माहीत असलेला माणूस, उठलो आणि राउटरची पिन उपटली. चिरंजीव रडायला लागले. मला वाटलं हरला म्हणून रडतोय. तो हुंदके देत म्हणाला, "तो पडला होता. मी त्याला उचलायला चाललो होतो. आता ते मला घेणार नाहीत."

म्हणजे त्याच्यावर राज्य होतं आणि मी त्याला ओढून घरी आणलं होतं.

रात्री त्याच्या शेजारी बसलो आणि पहिल्यांदाच विचारलं, "तू नेमकं काय करतोस रे त्या खेळात?" तोवर मी फक्त "किती वेळ झाला" हेच विचारत आलो होतो. तो म्हणाला, "मला नेम जमत नाही. मी पडलेल्यांना उचलतो." मी बराच वेळ काही बोललो नाही.

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या आहेत. उपदेश म्हणून नाही, आमच्याकडे चालतंय म्हणून सांगतो. एक, वेळ मिनिटांत नाही, डावांत मोजायची. "अर्धा तास" म्हटलं की डाव मधेच तुटतो. "दोन डाव" म्हटलं की तो स्वतःच उठतो. दोन, खेळ दिवाणखान्यात, आणि ज्यांना आम्ही ओळखतो त्याच मित्रांबरोबर. तीन, रविवारी सकाळी साडेनऊनंतर नवा डाव सुरू करायचा नाही. दहाला कराडला आजीला फोन असतो. त्याची आजी वाट बघत असते, आणि हे तिने नाही, मी त्याला सांगून ठेवलं आहे, कारण आपली माणसं ते स्वतः सांगत नाहीत.

आणि एक विनंती मंडळाला. गणपतीत आपलं ढोल-पथक उभं राहतं, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात ताशा द्या. पाणी वाटायला उभं करू नका. ज्याच्या वाचून मिरवणूक अडेल असं काहीतरी त्याला द्या. ताशा वाजवणाऱ्याला मधेच पॉज करता येत नाही, आणि त्याबद्दल आपण कधी त्याला रागावत नाही.

चहा झालेला दिसतोय, काकाही जागे झाले आहेत. तेव्हा थांबतो. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. घरी फोन करणार असालच, पण जमलं तर तिकडून येईल तोही घ्या.